आंघोळीच्या पाण्याचा हिशेब



वसंत व्याख्यानमालेत बोलावयास उभे राहणाऱ्याने काही भारदस्त विषय निवडावा, असा संकेत आहे. काल आपण इतिहास ऐकलात, उद्या संतवाङ्मय ऐकणार आहात. मधल्या दिवशी आम्ही आपणांस न्हाणीघरात घेऊन जाणार आहोत, याबद्दल प्रथमच क्षमा मागून ठेवतो. चार माणसांच्या घराला आंघोळीपुरते पाणी तापविण्यास कोणत्या साधनाने किती खर्च येतो, एवढाच आमचा विषय. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु ज्या घरात या पाण्यावरून सासूसुनेत अबोला धरला गेला, ते घर आम्ही पाहिले आहे.

ते घर आमच्या आत्याचे. पोफळीस आहे. चिपळुणाहून कुंभार्ली घाटाकडे निघाले की घाट चढावयास लागण्यापूर्वी पोफळी लागते, हे आपणांस सांगावयास नकोच. आत्याच्या न्हाणीत तांब्याचा बंब आहे. तिच्या लग्नापासूनचा, चिंचेने घासून लखलखीत ठेवलेला. पहाटे पाचाला उठून त्यात जळण घालावयाचे काम आधी तिचे होते, पुढे ते सुनेकडे आले. आत्येभावाने दोन वर्षांपूर्वी विजेचा गिझर आणला. सूनबाईंना सुख झाले. पण विजेचे बिल महिन्याला आठनऊशे रुपयांनी चढले आणि आत्या म्हणू लागली, "बंब काय मोडीत घातलाय की काय?" अशात एका विक्रेत्याने भावाला 'हीट पंप' नावाचे यंत्र दाखविले आणि सांगितले की, याने बिल तिसऱ्या हिश्श्यावर येईल. भावाने आम्हांस बोलावून घेतले. आम्ही पोहोचलो तेव्हा वहिनी चहा देता देता हलकेच म्हणाल्या, "भाऊजी, बिल कमी करून द्या; पण मला पुन्हा बंबापुढे बसवू नका." त्या रात्री पडवीत कागदपेन्सिल घेऊन जो हिशेब मांडला, तोच आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम माप ठरवू. चार माणसांना मिळून शंभर लिटर पाणी, आणि ते विहिरीच्या पाण्याहून वीस अंश अधिक ऊन. कोणी कढत पाणी घेऊन त्यात विसण घालतो, कोणी कोमटच घेतो. उष्णता अखेर तेवढीच लागते. एक लिटर पाणी एक अंश तापविण्यास एक किलोकॅलरी लागते. म्हणजे रोजची गरज झाली दोन हजार किलोकॅलरी. विजेच्या एका युनिटात ८६० किलोकॅलरी असतात. तेव्हा नुसत्या पाण्यात जावयाची उष्णता २.३३ युनिटांची. टाकीतून आणि नळातून जी उष्णता वाया जाते ती धरली की विजेच्या गिझरला रोज २.६ युनिटे लागतात. हा आकडा ध्यानात ठेवावा.

आता पोफळीकरांच्या दृष्टीने याचा एक गमतीचा अर्थ सांगतो. सह्याद्रीच्या माथ्यावर कोयनेचा शिवसागर जलाशय. तेथून बोगद्याने आलेले पाणी डोंगराच्या पोटातून सुमारे पावणेपाचशे मीटर खाली पोफळीच्या भूमिगत वीजगृहात उतरते. १९६२ साली तेथील पहिले जनित्र फिरू लागले. इतक्या उंचीवरून एक हजार लिटर पाणी उतरले तर साधारण सव्वाअकराशे वॉट-तास, म्हणजे एक युनिटाहून थोडी अधिक वीज हाती येते. म्हणजे एका युनिटामागे सुमारे नऊशे लिटर. तेव्हा आत्याच्या घरची शंभर लिटर पाण्याची टाकी गिझरने तापवावयाची तर डोंगरावरून तेवीसशे लिटर पाणी खाली यावे लागते, आणि तारांतील गळती यात धरलेली नाही!

हे ऐकून आत्येभावाचा विश्वास बसेना. पण जूल नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात हेच दाखविले. पडणाऱ्या पाण्याच्या शक्तीची उष्णता झाली तर नायगाराच्या धबधब्याखाली पाणी कितीसे तापेल, याचे त्याने गणित केले होते, आणि उत्तर आले होते एका अंशाचा जेमतेम पाचवा हिस्सा. आमच्या पावणेपाचशे मीटरांच्या उतरणीने पाणी तापेल ते एक अंशाहून किंचित अधिक. वीस अंश हवे असतील तर अठरापट पाणी खाली यावयास हवे, आणि यंत्रांतली तूट भरून काढावयाची म्हणजे त्याहूनही जास्त. उष्णता ही वस्तू फार महाग आहे. आपणांस ती स्वस्त वाटते, कारण लाकूड आपल्या दारात पडलेले असते. आणि वरचे पाणी तर मोजलेले आहे. कृष्णेच्या पाणीतंट्यातील लवादाने १९७६ साली कोयनेतून पश्चिमेकडे वळवावयाचे पाणी वर्षाला ६७.५ टीएमसी असे बांधून दिले. सकाळी सहा ते आठ या वेळात साऱ्या महाराष्ट्राचे गिझर एकदम सुरू होतात, आणि अशी अडलेली वेळ निभावून नेण्यासाठीच जलविद्युत उपयोगी पडते. जनित्र हाक मारताच फिरू लागते. कोळशाच्या भट्टीला ते जमत नाही.

असो. आता एकेक साधन घेऊ.

लाकडापासून आरंभ करू, कारण आत्याचा पक्ष तो. हवेवर वाळलेल्या लाकडाच्या एका किलोत साडेतीन हजार किलोकॅलरी असतात. पण बंबात त्यातल्या पाचव्या हिश्श्याइतक्याच पाण्यापर्यंत पोहोचतात. बाकीच्या धुराड्यातून आभाळात. म्हणजे किलोमागे सातशे. रोज जवळजवळ तीन किलो जळण, महिन्याला ८६ किलो. विकतचे लाकूड आठ रुपये किलोने धरले तर महिन्याला सुमारे ६९० रुपये. आत्या म्हणाली, "विकत कोण आणतो? सोडणे आहेत, करवंट्या आहेत, झावळ्या आहेत." खरे आहे. ज्याच्या घरी नारळीपोफळींची बाग आहे त्याला हे जळण फुकट. पण 'फुकट' या शब्दाची आम्हांस नेहमी धास्ती वाटते. पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी साडेतीन क्विंटल जळण वैशाखात फोडून, वाळवून, मांगरात रचावे लागते. ते ओले झाले की धूर दुप्पट आणि ऊब निम्मी. आणि धूर जातो कोणाच्या डोळ्यांत? हिशेबाच्या वहीत ज्याचा रकाना नाही, त्याच्या. २०१६ साली उज्ज्वला योजना आली आणि पुष्कळ चुलींजवळ सिलिंडर येऊन उभा राहिला. पण आम्ही ज्या ज्या घरी जातो तेथे बहुधा हेच पाहतो की, स्वयंपाक गॅसवर आणि आंघोळीचे पाणी अजून लाकडावर. पुरुषमंडळी ऊन पाण्याने आंघोळ करून बाहेर येतात आणि म्हणतात, बंबाच्या पाण्याची सर कशाला नाही!

गॅसचा हिशेब सोपा. सिलिंडरात १४.२ किलो गॅस; किलोला सुमारे अकरा हजार किलोकॅलरी; गॅस-गिझर त्यातल्या ऐंशी टक्के पाण्याला देतो. रोज सव्वादोनशे ग्रॅमांच्या आसपास गॅस लागतो, म्हणजे एक सिलिंडर आंघोळीसाठी दोन महिने पुरतो. सिलिंडर साडेआठशे रुपयांचा धरला; महिन्याला ४०८ रुपये. हाच सिलिंडर उद्या बाराशेचा झाला तर ५७६. मात्र गॅस-गिझर बंद न्हाणीत कधीही बसवू नये. हवा खेळती नसली की त्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू साचतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि माणसाला झोप यावी तसा तो मारतो. गिझर पडवीत किंवा बाहेरच्या भिंतीवर, आणि नळी आत. यात काटकसर नको.

आता वीज. येथे बहुतेकांची फसगत होते आणि आत्येभावाचीही झाली होती. आपण बिलाची रक्कम युनिटांनी भागतो आणि म्हणतो, वीज इतक्या रुपयांना पडली. परंतु घरगुती विजेचा दर पायऱ्यापायऱ्यांचा आहे. पहिल्या शंभर युनिटांना एक दर, त्यापुढे तीनशेपर्यंत जवळजवळ दुप्पट, त्यापुढे आणखी चढा. सगळे आकार मिळून आम्ही पहिली पायरी सहा रुपयांची आणि दुसरी बारा रुपयांची धरली. आपापल्या बिलावरून आपण नेमके आकडे घालावेत. आत्याच्या घरी दिवे, पंखे, फ्रीज आणि मोटार मिळून नव्वद युनिटे होत. गिझरची महिन्याची अठ्ठ्याहत्तर युनिटे त्यावर येऊन बसली. त्यातली पहिली दहा तेवढी सहाच्या भावाने गेली, उरलेली अडुसष्ट बाराच्या. एकूण ८७६ रुपये. म्हणजे गिझरसाठी घेतलेली वीज ही घरातली सर्वांत महाग वीज ठरली! पंक्तीत शेवटी येऊन बसणाऱ्याला जसे उरलेसुरले वाढतात, तसे हे.

ज्या घरात एकटा माणूस राहतो आणि महिन्याचा खप पन्नास युनिटेदेखील नाही, त्याची सारी वीज पहिल्या पायरीवर राहते. त्याला गिझर आणि गॅस यांत फारसे अंतर पडत नाही. शेजारच्याने केले म्हणून आपण करावे, हे या बाबतीत अगदी चुकीचे.

तर मग हा उष्णतापंप आहे तरी काय? ज्याने फ्रीजच्या मागच्या किंवा बाजूच्या अंगाला कधी हात लावला आहे त्याला तो अर्धा समजलेला आहे. फ्रीज आतली उष्णता उपसून बाहेर टाकतो, म्हणून त्याचे अंग गरम लागते. उष्णतापंप बाहेरच्या हवेतली उष्णता उपसून पाण्यात टाकतो. नळ्यांतून एक द्रव फिरत असतो, तो अगदी कमी तापमानाला उकळतो. हवेतली उष्णता घेऊन त्याची वाफ होते. विजेवर चालणारा दट्ट्या ती वाफ दाबतो आणि दाबल्याने ती तापते. तापलेली वाफ पाण्याला उष्णता देऊन पुन्हा द्रव होते. रहाटाने पाणी काढणारा गडी पाणी निर्माण करीत नाही, ते विहिरीत असतेच. आपण मजुरी देतो ती उपसण्याची. गिझर उष्णता निर्माण करतो, हा नुसता उपसतो. म्हणून एका युनिटाच्या मजुरीत तीन युनिटांची उष्णता मिळते. हा जादूचा प्रकार नव्हे. उपसा जितका खोल तितकी मजुरी अधिक, हा नियम येथेही आहे. कोकणातली हवा बारा महिने ऊबदार, तेव्हा आपली विहीर उथळ; येथे तीनाची पट सहज मिळावी. वर घाटमाथ्यावर हेळवाकला पौषातल्या पहाटे तेच यंत्र थोडे दमेल. आणि पाणी साठ अंशांऐवजी पन्नासावर ठेवले तर मजुरी वाचते. फक्त साठवणीच्या टाकीत जंतू वाढू नयेत म्हणून अधूनमधून ते साठापर्यंत न्यावे.

ही कल्पना आजची नाही. लॉर्ड केल्व्हिनने १८५२ साली ती कागदावर मांडली. पुढे १९३८ साली झुरिक शहराच्या सभागृहात लिमात नदीच्या पाण्यातून उष्णता उपसून इमारत ऊबदार ठेवणारे यंत्र बसले. स्वित्झर्लंडजवळ कोळसा नाही, डोंगरावरून पडणारे पाणी मात्र आहे. त्यामुळे वीज पुरवून वापरण्याची अक्कल त्यांना आधी सुचली. नॉर्वेतही वीज मुख्यतः धबधब्यांची, आणि आज तेथे निम्म्याहून अधिक घरांत असे पंप आहेत. इंग्लंडात मात्र आमच्या ओळखीचे एक मराठी कुटुंब पंप घ्यावा की न घ्यावा म्हणून वर्षभर अडून बसले आहे. कारण तेथे विजेचे युनिट गॅसच्या युनिटाच्या सुमारे चौपट महाग. पंप तिपटीने काम करतो आणि वीज चौपट किंमत घेते, मग वाचणार काय? यंत्राची पट आणि दोन इंधनांच्या भावांतले अंतर, या दोघांची ही झोंबी आहे. लंडनला काय आणि पोफळीला काय, तीच.

पोफळीला आपल्या आकड्यांनी ती अशी होते: पंपाला महिन्याला सव्वीस युनिटे. त्यातली दहा सहाच्या भावाने, सोळा बाराच्या. एकूण २५२ रुपये. गिझर ८७६, विकतचे लाकूड ६९०, गॅस ४०८, पंप २५२. विक्रेता खोटे बोलला नव्हता. बिल तिसऱ्या हिश्श्याहूनही खाली येते, कारण महाग पायरीवरची युनिटेच आधी गळतात. कोयनेचे पाणीही तेवीसशेऐवजी आठशे लिटरांच्या आत भागते.

आत्येभाव खूश झाला. आम्ही त्याला म्हटले, "थांब, यंत्राची किंमत?" ती त्याने खालच्या आवाजात सांगितली. आपण साठ हजार धरू. कोकणात चैत्र-वैशाखात कोणी ऊन पाणी मागत नाही, म्हणून वर्षाचे दहा महिने धरले. गिझरच्या मानाने वर्षाला ६२४० रुपये वाचतात. साठ हजार फिटावयास साडेनऊ वर्षांहून अधिक. गॅसच्या मानाने वाचतात फक्त १५६० रुपये, म्हणजे अडतीस वर्षे! तेवढे यंत्र टिकत नाही, आणि आम्हीही टिकू असे वाटत नाही. सिलिंडर बाराशेचा धरला तरी अठरा वर्षे लागतात. याउलट सहा हजारांचा गॅस-गिझर विजेच्या गिझरच्या मानाने दीड वर्षाच्या आत आपली किंमत परत देतो.

तेव्हा चार माणसांच्या घराने आज उष्णतापंप घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. चालविण्याचा खर्च सर्वांत कमी म्हणजे साधन सर्वांत स्वस्त, असे नव्हे. पण हेच गणित एखाद्या लॉजचे, वसतिगृहाचे किंवा रुग्णालयाचे करून पाहा. रोज हजार लिटर पाणी, बाराचा भाव. गिझरला महिन्याला ९३६० रुपये, पंपाला ३१२०. तीन लाखांचे यंत्र चार वर्षांत फिटते, आणि पुढे सारी बचतच. तेथे जो अजून गिझर जाळीत असेल त्याने आज घरी जाताच बिल काढून बसावे.

"सूर्याचे काय?" असे आपल्यापैकी कोणी मनात विचारीत असेलच. छपरावरची सौर टाकी आश्विनापासून फाल्गुनापर्यंत फुकट पाणी देईल. पण आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. ज्या दिवसांत माणूस भिजून, गारठून घरी येतो, नेमक्या त्याच दिवसांत सूर्यनारायण रजेवर. टाकीला पंचवीस हजार धरले आणि पावसाळ्यात जुना गिझर चालविला, तर वर्षाला ५२५६ रुपये वाचतात. पाच वर्षांच्या आत पैसे सुटतात. वाईट नाही. कोकणचे खरे भाग्यवान तुरळ-राजवाडीचे आणि उन्हवऱ्याचे लोक; त्यांना पृथ्वीनेच बंब पेटवून दिला आहे.

आणखी एक गोष्ट, आकड्यांबाहेरची. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले, तेव्हा तळमजल्यावरच्या यंत्रांचे काय झाले ते आपण पाहिले आहे. पंप असो, वा गिझर असो, बाजारपेठेच्या बाजूला राहणाऱ्याने तो वरच्या मजल्यावरच बसवावा. आणि वादळात वीज जाते, दिवसेंदिवस येत नाही. साऱ्या राज्याला वीज देणाऱ्या पोफळीतही तारेवर झाड पडले की अंधारच. त्या वेळी उपयोगी पडेल असे काहीतरी घरात असावे. या मुद्द्यावर आत्याने आमच्याकडे विजयी मुद्रेने पाहिले.

शेवटी ठरले ते असे: गॅस-गिझर बाहेरच्या भिंतीवर, बंब मोडीत घालावयाचा नाही, पण त्यापुढे पहाटे कोणी बसावयाचे नाही. वहिनींनी कागद मागून घेतला आणि फळीवर डब्याखाली ठेवला. आत्या बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारले, "अरे, तो पंप हवेतली ऊब काढून घेतो म्हणतोस, मग गार झालेली हवा जाते कुठे?"

प्रश्न मोठा मार्मिक होता. आम्ही सांगितले की, ती यंत्रातून बाहेर पडते, थोडी कोरडीही होऊन पडते. यंत्र घरात बसविले तर रोज एक टनी वातानुकूलन यंत्र अर्धा तास चालावे इतपत गारवा मिळेल, आणि आषाढात दोरीवरच्या कपड्यांचा दमटपणा थोडा ओढला जाईल.

"मग ते आधी सांगायचे होतेस," आत्या म्हणाली. "पावसात धोतरे वाळत नाहीत, त्याचा रकाना कुठे आहे तुझ्या कागदावर?"

तो रकाना आम्ही अजून भरलेला नाही.